खुशीपासून दोन हजार चाळीस मीटर

१

राजकुमार आडेचं काम सांगायला सोपं होतं. सकाळी मोटारसायकलला किक मारायची, एकेका शेतात जाऊन उभं राहायचं, फोन आडवा धरून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. तो पीक पाहणी सहायक होता. आर्णीपासून अकरा किलोमीटरवरचा त्याचा तांडा आणि शेजारचं गाव मिळून जमिनीचे सहाशे बारा गट त्याच्या वाट्याला आले होते. ज्यांनी आपल्या पिकाची नोंद आपण केली नाही त्यांच्या शेतात त्यानं जायचं, आणि अशी माणसं म्हणजे जवळजवळ सगळीच.

फोटो काढताना फोनच्या तळाशी दोन आकडे उमटत, अक्षांश आणि रेखांश. त्यांच्याखाली एक ओळ येई: तुम्ही या गटापासून इतके इतके मीटर दूर आहात. शेताच्या आत असलात तरच फोटो घेतला जाई. लबाडीला जागाच ठेवलेली नाही, असं प्रशिक्षणात साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. साहेब यवतमाळला परतायच्या आत सहायकांनी तोड शोधून काढली. फोनमध्ये आणखी एक ॲप टाकायचं, नकाशावर हवं ते शेत बोटानं दाबायचं, की फोनला वाटतं आपण तिथंच आहोत. मग बाजेवर पडल्या पडल्या चाळीस शेतं फिरून होतात. फोटो जवळच्या पऱ्हाटीचा, पत्ता लांबच्या शेताचा. राजकुमार हे रोज करत नसे. नाल्याला पाणी असलं की नाल्यापलीकडच्या शेतांपुरतं करायचा, आणि त्यात कुणाचं काही बिघडतं असं त्याला कधी वाटलं नाही.

त्याच्या स्वतःच्या तीन एकरांचा तुकडाही नाल्यापलीकडेच होता. त्या तुकड्याच्या पूर्वेच्या धुऱ्यापाशी, बांधाच्या कडेला, आषाढात त्यानं आपल्या मुलीला पुरलं होतं.

खुशी पाच वर्षांची होती. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तांड्यात लग्न न झालेल्यांना जाळत नाहीत, मातीत ठेवतात. शेजारचा देवसिंगकाका आणि आणखी चार पुरुष सोबत होते. राजकुमारनं पोरीला दोन्ही हातांवर घेतलं होतं. बायका तांड्यातच थांबल्या. खड्डा बुजवून झाल्यावर सगळे मागं न बघता परत फिरले, पण राजकुमारनं त्याआधी चिखलाच्या अंगठ्यानं फोन उघडून त्या जागेवर खूण केली आणि खुणेला नाव दिलं, खुशी. दोन पावसांत काळी माती सपाट होते. दगड ठेवायची रीत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला काय ठाऊक.

२

राखीनं, त्याच्या बायकोनं, ती जागा पाहिली नव्हती. ती रोज एकच विचारी: आज नेता का? राजकुमार म्हणे, उद्या. त्याचंही खोटं नव्हतं. नाला दुथडी भरून चालला होता आणि सहाशे बारा गट डोक्यावर बसले होते. तेवढ्यावर समाधान म्हणून त्यानं तिच्या फोनवर ती खूण टाकून दिली आणि तिचे आकडे वाचायला शिकवलं. दशांशानंतरचा सहावा आकडा बदलला म्हणजे अर्धी वीत जागा सरकली. दोन आकडे, बस, पृथ्वीवरचा कुठलाही माणूस त्यात सापडतो. नकाशावर निळा ठिपका म्हणजे तू, लाल खूण म्हणजे ती, मधे अंतर. घरातून ते अंतर येई दोन हजार चाळीस मीटर. राखी सकाळी चूल पेटवायच्या आधी आकडा बघायची. तो रोज तेवढाच असायचा.

तिला रडू येत नव्हतं. आषाढ गेला, श्रावण गेला, डोळ्यांतून टिपूस नाही. राजकुमारची आई सोनीबाई म्हणायची, पोरगी आतून फुटली पाहिजे, नाहीतर काही खरं नाही.

एका दुपारी राखीनं त्या दिवसात पाचव्यांदा विचारलं, तेव्हा राजकुमारच्या हातात काम होतं. तो बाजेवर बसून पलीकडची शेतं बोटानं दाबत होता. दमला होता, तिच्या आवाजाला जरा भ्यायलाही होता. त्यानं तिचा फोन मागून घेतला, त्यात तेच ॲप टाकलं आणि लाल खुणेवर बोट दाबलं. निळा ठिपका नाला ओलांडून क्षणात लाल खुणेवर जाऊन बसला. खुशी, शून्य मीटर.

"पाह्य, पोचली तू," तो म्हणाला.

राखीनं फोन दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. मग भिंतीला टेकून तिथंच झोपली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत झोपली. राजकुमारला वाटलं, चला, काहीतरी चांगलं झालं आपल्या हातून. आठ दिवस त्यानं ते तसंच राहू दिलं.

पोळ्यानंतर पाणी उतरलं आणि तो तिला खरोखरीच घेऊन गेला. तिनं धुऱ्यापाशी उभं राहून सपाट जमिनीकडं पाहिलं. बसली नाही, मातीला हातही लावला नाही.

"मी तं अथी आधीच येऊन गेली," ती म्हणाली. "तवा ती होती."

त्या रात्री, नव्हे, त्याच मिनिटाला शेतात उभ्या उभ्या त्यानं तिच्या फोनमधलं ॲप काढून टाकलं.

३

ठिपका घरी परत आला. दोन दिवस शहाण्यासारखा घरात राहिला. तिसऱ्या दिवशी राजकुमारनं सहज पाहिलं, कारण दोघांचे फोन त्यानं एकमेकांना दिसतील असे जोडून ठेवले होते, तर राखीचा ठिपका घराबाहेर चाळीस मीटरवर होता. राखी त्याच्यासमोर तूर निवडत बसली होती.

त्यानं ते मनावर घेतलं नाही. टिनाच्या छपराखाली फोन असाच बावचळतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ठिपका सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या पांढऱ्या झेंड्यापाशी होता. त्याच्या पुढच्या दिवशी तांड्याच्या वेशीबाहेर.

मग त्यानं रीतसर पारख केली. राखीचा फोन सोनीबाईच्या हातात दिला, ठिपका घरी आला. आपल्या खिशात घालून आर्णीला गेला, ठिपका आर्णीला आला. घरी येऊन राखीच्या हातात दिला, ठिपका वेशीबाहेर. नवा फोन आणून दिला, तरी तेच. आपला स्वतःचा दिला, तरी तेच. यंत्र कुठलंही असो, राखीनं धरलं की ते तिला घरात मानायला तयार होईना.

तरीही त्यानं नेट धरला असता. पण त्या सकाळी ती भाकरी थापत होती आणि तो चहा घेत समोर बसला होता. तिचे हात परातीत फिरत होते, आवाज येत होता, रोजचाच. तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि हात मांडीवर ठेवले. परातीत एक थाप वाजली.

हात मांडीवरच होते. राजकुमारनं कप खाली ठेवला. तिनं दुसरा गोळा घेतला. तळवा पिठावर पडला, आणि आवाज जरासा मागून आला, फार नाही, श्वासाएवढा. बांगड्याही तशाच, हात थांबल्यावर किणकिणल्या. त्यानं सोनीबाईकडं पाहिलं. म्हातारीला ऐकू कमी यायचं, ती आपली बिडीसाठी काडी शोधत होती.

४

खुशी अंगणवाडीत जायला लागली तेव्हा राजकुमार आणि राखीनं घरात मराठी बोलायला सुरुवात केली होती. शाळेत पोरीची जीभ अडखळू नये म्हणून. त्याआधी घरात बंजाऱ्यांच्या गोरबोलीशिवाय दुसरं काही नव्हतं. पोरगी गेली आणि मराठी तेवढी घरात उरली. ती बंद करायचं दोघांपैकी कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

आता त्या मराठीतले प्रश्न तो मुद्दाम विचारू लागला. मीठ हाय का? पाणी आलतं का? विचारायचं आणि मनात मोजायचं. चौथीत असताना गुरुजींनी वीज मोजायला शिकवलं होतं: लखलखाट दिसला की आकडे म्हणायचे, गडगडाट ऐकू आला की थांबायचं, तीन आकड्यांना एक किलोमीटर. ठिपका नाल्याच्या अलीकडं होता तेव्हा राखीचं उत्तर चार आकड्यांनी आलं. नाला घरापासून सहाशे ऐंशी मीटर. त्यानं हिशेब केला तेव्हा दोनच यायला हवे होते. चार का, ते त्याला संध्याकाळी शेण काढताना उमगलं आणि घमेलं हातातच राहिलं. त्याच्या प्रश्नाला जायला दोन, तिच्या उत्तराला यायला दोन.

कुणाला सांगावं? त्यानं देवसिंगकाकाला सांगून पाहिलं, राखी उत्तरं उशिरा देते म्हणून. काका म्हणाला, दुःखात माणूस तसाच होतो, त्याचा भाऊ वारला तेव्हा वहिनी वर्षभर तशीच होती. यवतमाळच्या डॉक्टरनं कान तपासले, कान उत्तम होते. मनाला धक्का बसलाय, वेळ द्या, तिच्याशी बोलत राहा, असं तो आपुलकीनं म्हणाला. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि राजकुमारलाही ते मान्य करायची फार इच्छा होती.

मग ठिपका नाल्याशी आला आणि वळला.

नाल्यावरून शेताकडं सरळ पायवाट आहे. राखीला तीच माहीत. आषाढातल्या त्या दिवशी मात्र नाल्याला छातीएवढं पाणी होतं, म्हणून पुरुष काठानं वर गेले, देवसिंगकाकाच्या शेतातून, जिथं पात्र रुंद आणि उथळ आहे तिथून उतरले. पलीकडं एक बाभूळ आहे. तिथं काका म्हणाला, दे, आता जरा मी घेतो. राजकुमारनं दिलं नाही. तो बाभळीखाली चिखलात बसला, पोरीला मांडीवर घेऊन. तिच्या पायातलं एक पैंजण निसटत होतं ते त्यानं दाताखाली दाबून घट्ट केलं. बराच वेळ बसला. शेवटी सगळ्यांनी त्याला काखेत धरून उभं केलं. हे घरी कुणी बोललं नव्हतं. बायकांना सांगायच्या गोष्टी नसतात या.

राखीचा ठिपका काठाकाठानं वर गेला. काकाच्या शेतातून, उथळ पाण्यातून. आणि बाभळीपाशी थांबला. एक दिवस, दुसरा दिवस. राजकुमार सोयाबीनच्या गंजीआड उभा राहून फोनकडं बघत होता. ठिपका चार दिवस तिथंच होता.

घरी राखीच्या पायांना चिखल नव्हता. त्यानं बघितले होते, झोपेत, पाय हातात घेऊन. स्वच्छ होते, आणि थंड होते.

५

लांब नेलं की सुटेल, असं त्याच्या मनानं घेतलं. राखीचं माहेर ढाणकीजवळ. वडील रामसिंग अजून धडधाकट, मोठं अंगण, चुलत्यांची पोरंबाळं. तो तिला एसटीनं घेऊन गेला. आर्णी सुटली तसं ती आणखी गप्प झाली. त्यानं खिडकीबाहेरचं काही काही दाखवलं, तिनं मानही हलवली नाही.

माहेरी सगळे गोळा झाले. राखी खाटेवर बसली होती, हसू नाही, आसू नाही. राजकुमारनं सगळ्यांसमोर विचारलं, चहा घेतीस का? ती समोर बघत राहिली. रामसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीची ही दशा कधीपासून, त्यानं जावयाला विचारलं, आणि आम्हाला कळवलं का नाही? बोलणं वाढलं. कपाशीवर गेलं, पावसावर गेलं, पुन्हा पोरीवर आलं. कुणाची तरी गाय सुटली म्हणून दोघं धावले, बांधून परत आले.

"हो, घेते," राखी म्हणाली. "साखर कमी टाका."

सगळे तिच्याकडं वळले. रामसिंगला हायसं वाटलं, त्यानं आत चहाला सांगितलं. राजकुमारनं फोनमधली वेळ पाहिली. सहा मिनिटं. त्यानं कोपऱ्यात जाऊन नकाशा उघडला. ठिपका ढाणकीत नव्हता. तो बाभळीच्या पुढं, शेताच्या रस्त्यावर होता. तिथपासून या खाटेपर्यंत सरळ रेघेत साठ किलोमीटर. साठाचे तीन-तीन आकडे म्हणजे एकशे ऐंशी. जायला तीन मिनिटं, यायला तीन मिनिटं.

मुक्कामाचं ठरलं होतं, पण तो दुपारचीच एसटी धरून तिला घेऊन निघाला. रामसिंग नाराज झाला. एसटीत तो तिच्याशेजारी तिचा हात धरून बसला आणि त्यानं एका फाट्यावर विचारलेल्याचं उत्तर तिच्या तोंडून पुढच्या फाट्यावर येत राहिलं. हो. पाह्यलं. मोठं झाड हाय. हा. बाजूचा कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

दोन आकड्यांत पृथ्वीवरचा कुठलाही माणूस सापडतो, असं त्यानं तिला शिकवलं होतं. ते देहापुरतं खरं आहे. देह सोडून माणूस कुठं आहे, ते सांगायला आणखी एक आकडा लागत असेल आणि तो लिहायला कुठल्याच ॲपमध्ये चौकट नसते. राजकुमारनं आपल्या बायकोला त्या चौकटीबाहेरच्या जागेत एका दुपारी बोटानं ढकललं होतं, काम उरकावं म्हणून. एसटीच्या खिडकीशी बसून तो हे स्वतःला सांगत होता आणि त्याला हुंदका आवरत नव्हता.

६

घरी पोचल्यावर त्यानं दुसरं काही सुचत नाही म्हणून तेच केलं. राखीच्या फोनमध्ये ते ॲप परत टाकलं. नकाशावर आपलं घर शोधलं, टिनाचं चौकोनी छप्पर, आणि त्यावर बोट दाबलं. ठिपका शेताच्या रस्त्यावरून उडून घरात आला.

परातीत पीठ मळणारा राखीचा हात थांबला, आवाजही तिथंच थांबला. तिनं मान वर केली. त्याच्याकडं, भिंतीकडं, दोरीवरच्या कपड्यांकडं पाहिलं. मग ती ओरडली. शेजारपाजारचे धावत आले इतकी ओरडली. आषाढापासून अडून राहिलेलं सगळं एकदम आलं. सोनीबाई तिला कवेत घेऊन म्हणाली, रड बाई, रड, आणि राजकुमारकडं बघून तिनं देवाला हात जोडले. पोरगी फुटली एकदाची.

राजकुमारला बायको परत मिळाली होती. प्रश्न विचारला की उत्तर तिथल्या तिथं. बांगडी हलली की किणकिण तिथल्या तिथं. तिचे तळवे गरम होते. पण ती जेवेना, तिला झोप येईना. डोकं भिंतीवर आपटू नये म्हणून मधे उशी ठेवायला लागली. रडून घसा बसला की ती त्याच्याकडं बघे, आणि ते बघणं त्याला सोसेना.

तिसऱ्या दिवशी ती त्याच्याजवळ येऊन बसली. आवाज पार गेला होता.

"कायले आणलं मले परत?"

तो म्हणाला, तू घरीच होतीस, राखी.

"मी बाभळीपाशी होती. तुमी तथी बसलते तिले घिऊन. चिखल अजून दबलेला हाय. तिचं पैंजण वाजून राह्यलं होतं समोर. मी पोचलीच असती."

राजकुमारनं तिच्या पायांकडं पाहिलं.

"मले सोडा," ती म्हणाली. "माझं अथी काई नाई."

मी आहे ना इथं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. तिनं फोन दोनदा अंगणात फेकला होता, काही उपयोग झाला नव्हता. बोट त्यानंच दाबलं होतं, सोडवायचंही त्यालाच होतं. दोन दिवस त्यानं स्वतःशी झगडून पाहिलं. तिला धरून ठेवावं तर ती डोळ्यांदेखत जळतेय. सोडावं तर सबंध आयुष्य हाक मारून मोजत बसायचं. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, तांड्यात कुणी सांगत नाही, आणि आता सांगावं तर ते तिला अडवण्यासारखं झालं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं तिच्यासमोर फोन धरला आणि ॲप काढून टाकलं. राखीनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. तो गरम होता. बघता बघता निवत गेला.

७

या वेळी ठिपका रेंगाळला नाही. दुपारपर्यंत बाभूळ गेली, दुसऱ्या सकाळी धुरा आला. खुशी, शून्य मीटर.

राखी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. चेहरा शांत होता, इतका शांत की सोनीबाई म्हणाली, सावरली गं माय. राजकुमार उंबऱ्यावर बसला होता. कापूस फुटला होता, वेचायला बायका निघाल्या होत्या, बाहेर लख्ख ऊन होतं.

त्यानं विचारलं, "एकटीच हायेस का?"

मोजत राहिला. सहा जायला, सहा यायला. बाराव्या आकड्याला ओठ न हलवता ती म्हणाली, "नाई." आवाज हलका होता, मोकळ्या रानातून यावा तसा, मागं वारा होता. थोड्या वेळानं, न विचारता, ती पुन्हा म्हणाली, "तिले थंडी वाजून राह्यली. गोधडी आणून द्या."

खुशीची गोधडी पेटीत होती. जुन्या लुगड्यांची, सोनीबाईनं शिवलेली, कडेला आरशाचे दोन तुकडे लावलेली. त्या दिवशी घाईत ती द्यायचं राहून गेलं होतं. राजकुमारनं गोधडी काखेत मारली आणि पायीच निघाला. नाला आता घोट्याएवढा होता. शेतात कुणी नव्हतं. फोन सांगत होता, शून्य मीटर, आणि त्याच्या पायांखाली भेगा पडलेली काळी जमीन होती, सपाट, कडेला तुरीची झाडं.

त्यानं गोधडी उलगडून जमिनीवर अंथरली. चारी कोपरे ओढले. ती चारी कोपऱ्यांना बसली, मधे बसली नाही. मधे जराशी उचललेली राहिली, एका बाजूला रुंद, खाली निमुळती. ढेकूळ असेल, तो मनाशी म्हणाला. तुरीचा बुंधा असेल. हात लावून बघावं म्हणून तो वाकलाही. तेवढ्यात आरशाच्या तुकड्यांतलं ऊन हललं. पहिल्यांदा एकातलं, मग दुसऱ्यातलं. गोधडी कुणीतरी आतून अंगाभोवती ओढून घेतली.

तो वळला आणि चालू लागला. मागं बघितलं नाही. तांड्याची रीतच आहे ती, मातीवरून परतताना मागं बघायचं नाही, असं तो वाटभर स्वतःला बजावत होता, आणि चालता चालता केव्हा पळायला लागला ते त्याला कळलं नाही.

घरी राखी तिथंच बसली होती. तो धापा टाकत उंबऱ्यावर टेकला.

"गोधडी पुरली तिले," ती म्हणाली. तिच्या आवाजात किती दिवसांनी माया होती. मग जरा थांबून, "तुमी इतक्या लवकर काहून निघाले? ती हाका मारून राह्यली होती. नाल्यावरी धावली तुमच्यामागं. मी धरून आणलं तिले."

राजकुमारनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले आणि जमेल तितक्या सरळ आवाजात विचारलं, "मी येऊ का परत? आत्ता येतो. राखी, मी येऊ?"

एक, दोन. कापूस वेचणाऱ्या बायका हसत घरावरून गेल्या. पाच, सहा. आता पोचलं असेल तिला. आठ. तो तिच्या पाठीकडं बघत होता. अकरा. बारा.

बारानंतरही काही आलं नाही. त्यानं मोजणं सोडलं नाही. विसाच्या पुढं कधीतरी तिचा आवाज आला, रागाचा नाही, निजत्या लेकराला उठवू नये अशा हळू बोलण्याचा.

"नका येऊ. तुमच्यानं थांबणं होत नाई."

तव्यावरची भाकरी करपत होती. राखीचे हात मांडीवर होते. राजकुमार उठला, भाकरी उतरवली, आणि तिच्याजवळ बसून उरलेलं पीठ मळू लागला.